तरण्या घोड्यास लगाम कोणता?

याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत जिभेच्या सामर्थ्याविषयीं लिहितांना लगामाचा दृष्टांत घेतलेला आहे. एवढ्याशा लोखंडानें केवढें मोठें जनावर वळतें, हें त्या काळच्या वाचकांच्या नित्य पाहण्यांतलें होतें. आपणांपैकीं बहुतेकांनीं मात्र तो लोखंडाचा तुकडा हातांत घेऊन कधीं पाहिलेला नसतो. मढ, अक्सा किंवा जुहू येथील किनाऱ्यावर घोड्यावर बसण्याची हौस कित्येकांनीं फेडली असेल. पण घोड्याच्या तोंडांत काय घातलें आहे, व तेंच कां, असा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तो विचारणें अगत्याचें आहे. कारण त्याच्या उत्तरावर एका मुक्या जनावराचें सुख आणि प्रसंगीं स्वाराचा जीवहि अवलंबून असतो.

हा प्रश्न अवघड होतो तो अंगानें बळकट, पण तोल न सांवरलेल्या तरण्या घोड्याच्या बाबतींत. वय तीन-चार वर्षांचें, छाती रुंद, अंगांत रग भरपूर. स्वार पाठीवर बसतांच असा घोडा मान पुढें ताणतो, लगामावर सारें अंग टाकतो, वळणावर खांद्यावर कलतो, आणि त्याची दुडकी पाहतां पाहतां धांव होऊन जाते. स्वाराचे हात भरून येतात. मग तो म्हणतो, “हा तोंडाचा कठीण आहे, याला कडक लगाम पाहिजे.” बाजारांत तसा लगाम मिळतोहि. परंतु हें निदानच मुळांत चुकीचें आहे.

उभ्या घोड्याच्या वजनाचा शेंकडा साठ इतका भाग पुढच्या दोन पायांवर पडतो. पाठीवर माणूस बसला म्हणजे त्या भारांत आणखी भर पडते. शिकून तयार झालेला घोडा मागचे पाय पोटाखालीं घेऊन तो भार मागें तोलून धरतो. तरण्या घोड्याच्या पाठीस व मांड्यांस ती संवय नसते. डोक्यावर भरलेला हंडा प्रथमच घेतलेली मुलगी तोल जाऊं लागला म्हणजे थांबत नाहीं, तर भरभर पावलें टाकूं लागते. तसाच हा घोडा पुढें कलंडणाऱ्या भारामागें धांवतो आणि लगामाचा पांचव्या पायासारखा आधार घेतो. त्यास आपण उद्धट समजतों. वस्तुतः तो पडूं नये म्हणून धडपडत असतो.

आतां त्याचें तोंड पाहूं. पुढचे दांत व दाढा यांच्यामध्यें दोन्ही बाजूंस थोडी जागा मोकळी असते. लगामाचा लोखंडी भाग, ज्यास जुने लोक कडियाळें म्हणत, तो या मोकळ्या हिरडीवर व जिभेवर राहतो. त्या हिरडीखालीं लागलीच जबड्याच्या हाडाची धार असते. मध्यें मांसाची गादी नसते. शिवाय घोड्याचे दुधाचे दांत चोवीस असून ते साधारणतः अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान पडतात आणि त्यांच्या जागीं कायमचे येतात. नराचे सुळे चौथ्या-पांचव्या वर्षीं फुटतात. कित्येकांस वरच्या दाढांच्या पुढें एक लहानसा निरुपयोगी दांत असतो. लोखंड त्यास लागलें कीं घोडा डोकें झुगारतो. म्हणजे ज्या वयांत आपण त्यास लगाम शिकवितों, त्याच वयांत त्याचें तोंड अधिक दुखरें असतें.

नंदुरबार जिल्ह्यांत तापीच्या कांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें येणारें गिऱ्हाईक ओंठ उचलून पुढचे दांत पाहतें आणि वय ठरवितें. तीच नजर थोडी मागें नेऊन हिरडी सुजली आहे काय, सुळा फुटत आहे काय, हें पाहिलें, तर लगामाविषयींच्या पुष्कळ शंका तेथेंच फिटतील.

लगामाचे प्रकार अनेक असले तरी आपल्या प्रश्नापुरते तीन पुरे आहेत. पहिला कांटेरी. त्याच्या लोखंडास टोंकें किंवा गांठी असतात. कडक लगामाचा मोह फार पुरातन आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत झेनोफन या ग्रीक सेनानीनें घोडेस्वारीवर लिहितांना एक गुळगुळीत व एक खरबरीत असे दोन लगाम बाळगण्यास सांगितलें आहे; मात्र लोखंड ताठ नसावें, लवचीक असावें, असेंहि तो बजावतो. आपल्या देशांत १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्याखालीं १९६५ सालीं ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांविषयीं जे नियम झाले, त्यांनीं टोंकें असलेला लगाम वापरण्यास मनाई केली. तरीहि वरातीच्या घोड्याच्या तोंडांत तो अजून कोठें कोठें दृष्टीस पडतो. दुखण्यानें घोडा क्षणभर थांबतो हें खरें. पण दुखण्यापासून पळणें हा घोड्याचा स्वभाव असल्यामुळें तोच लगाम पुढें त्यास उधळवितो.

दुसरा लांब दांड्यांचा. त्यास हनुवटीखालीं सांखळी असते. पदार्थविज्ञानाच्या वर्गांत शिकलेला तरफेचा नियम येथें लागू पडतो. लोखंडाच्या वरची दांडी एक इंच व खालची तीन इंच असेल, तर हाताचा जोर निदान तिपटीनें वाढून घोड्याच्या तोंडीं येतो. निष्णात स्वाराच्या हातीं व शिकलेल्या घोड्याच्या तोंडीं हा लगाम शोभतो. परंतु तरणा घोडा अडखळला, स्वाराचा हात हिसकला, कीं तो हिसकाहि तिप्पट होतो. म्हणून या घोड्यास तो देऊं नये.

तिसरा साधा, गुळगुळीत, दोन बाजूंस कड्या असलेला. तरण्या घोड्यास हाच योग्य. मध्यें एकच सांधा असलेलें लोखंड ओढ बसतांच अडकित्त्यासारखें मिटून जिभेस चिमटतें. म्हणून दोन सांधे व मध्यें लहान गोल तुकडा असलेलें पुष्कळ घोड्यांस अधिक मानवतें. लोखंड दोरीसारखें बारीक असेल तर रुततें, फार जाड असेल तर लहान तोंडांत मावत नाहीं. काठेवाडी व मारवाडी जनावरांचीं तोंडें अरुंद असतात. यास्तव प्रथम माप घ्यावें. प्रत्येक बाजूस ओंठाबाहेर गव्हाच्या दाण्याएवढी जागा राहावी, आणि ओंठाच्या कोपऱ्यास एखादी सुरकुती पडेल इतक्या उंचीवर लोखंड बसावें. कड्यांस लागून गालांवर उभ्या काड्या असल्या तर वळवितांना कडी तोंडांत शिरत नाहीं. नाकावरचा पट्टा दोन बोटें जातील इतका सैल असावा. समुद्राकांठच्या खाऱ्या हवेंत लोखंड लौकर गंजतें व गंजाचा खरखरीतपणा ओंठ फाडतो. म्हणून रोज काम झाल्यावर लगाम गोड्या पाण्यानें धुवून पुसावा.

इतकें करूनहि घोडा पहिल्या दिवशीं हलका होणार नाहीं. लगाम तोल देत नाहीं. तोल शिकवणुकीनें येतो. प्रथम स्वारावांचून, लांब बागदोरीवर मोठ्या फेऱ्यांत दोन्ही बाजूंनीं फिरवावें. मग स्वारासह पाऊलचाल, थांबणें, पुन्हां चालणें. स्वारानें सतत ओढून धरूं नये. थोडें घ्यावें व लागलीच सोडावें, कारण आधार देणारा हातच नसेल तर घोडा रेलणार कोणावर? ओहोटीच्या वेळची घट्ट ओली वाळू या कामास चांगली. कोरड्या खोल वाळूंत कोंवळ्या शिरा दुखावतात. काम थोडा वेळ असावें, व तें मोकळ्या, कुंपणाच्या जागेंत जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं व्हावें. गर्दीच्या किनाऱ्यावर नव्हे. शर्यतींतून निवृत्त झालेल्या घोड्यास लगामावर रेलून धांवण्याचीच संवय असल्यामुळें त्याच्याशीं तर अधिक धीर धरावा लागतो. एवढ्यावरहि ओढ कमी न झाल्यास दांत व पाठ पशुवैद्यास दाखवावी, खोगीर बसतें कसें तें पाहावें, आणि दाणा कमी करून फिरणें वाढवावें. लगाम बदलण्याचा विचार यानंतर करावा.

बत्तिसाव्या स्तोत्रांत घोड्या-खेचरांसारखे असमंजस न होण्याचा उपदेश आहे, आणि तो आम्ही शिक्षक मुलांस आवडीनें ऐकवितों. परंतु घोड्याकडे नीट पाहिलें असतां शिक्षकासहि थोडें शिकण्यासारखें आहे. शाळेंतहि अंगांत बळ पुष्कळ, पण तोल अजून आलेला नाहीं, अशीं मुलें असतात. त्यांना लगाम नको असें नाहीं. तो हवाच, नीट बसणारा व सारख्या हाताचा. पण शिक्षा कडक करण्यापूर्वीं त्यांचा कोणता दांत दुखतो आहे, हें एकदां पाहून घ्यावें.