तेलंग हे आडनाव आणि आर्वीचा तेलंगराव

वर्धा जिल्ह्यातील आर्वी या गावास ‘आर्वी तेलंगराव’ असेही नाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरात, हे गाव सुमारे तीनशे वर्षांपूर्वी तेलंगराव वली याने वसविले, त्यास कोणी ब्राह्मण तर कोणी मुसलमान म्हणतात आणि त्याच्या थडग्यास उभय समाज भजतात, असे नमूद आहे. तेलंग ही ब्राह्मणांतील शाखा, सबब तो ब्राह्मण. वली हा शब्द अरबी, सबब तो मुसलमान. अशी अनुमाने नावावरून काढण्यात येतात. आमच्या मते दोन्ही लंगडी आहेत.

तेलंग शब्दाचे मूळ कोणी ‘त्रिलिंग’ सांगतात, म्हणजे काळेश्वर, श्रीशैल व द्राक्षाराम या तीन शिवस्थानांमधील देश. कोणी ‘त्रिकलिंग’ धरतात. पहिली व्युत्पत्ती मागाहून जुळविलेली दिसते. ते कसेही असो, पंचद्रविडांत तैलंग ही शाखा आहे हे खरे; तथापि मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८५०–१८९३) हे गौड सारस्वत होते. उत्तर हिंदुस्थानात तर कंपनी सरकारच्या पलटणीतील शिपाई, मग तो कोणत्याही जातीचा असो, ‘तिलंगा’ म्हणविला जाई.

अशी नावे मनुष्यास स्वदेशी मिळत नाहीत. आर्वीत राहणारास आर्वीकर कोण म्हणणार? तो गाव सोडून गेला म्हणजे शेजारी त्यास त्या नावाने ओळखू लागतात. आयर्लंडातील वॉल्श या आडनावाची कथा हीच आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्मन सरदारांबरोबर वेल्स प्रांतातून जे लोक तेथे आले, त्यांस आयरिश लोक आपल्या भाषेत ‘ब्रिटन’ या अर्थाच्या शब्दाने संबोधू लागले व पुढे तेच कुलनाम झाले. अशा नावात दिशा कळते. जात वा धर्म कळत नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे आला, आणि ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत ‘तेलंगाणा’ हे एक सरकार दिले आहे. म्हणजे सुभ्याच्या दक्षिण भागातून आलेला मराठी बोलणारा इसमही आर्वीकडे तेलंगराव ठरू शकतो.

‘राव’ ही पदवी उत्तरेकडील मुसलमान रजपुतांतही चालते. ‘वली’ म्हणजे ईश्वराचा मित्र. पण असा शब्द भक्तही मागाहून जोडतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद नावाने मुसलमान, परंतु गणना मराठी संतांत, हे वाचकांस ठाऊकच आहे.

सबब आर्वी परगण्यातील सनदा, महजर, इनामाचे कागद ज्यांच्या दप्तरी असतील त्यांनी नाव जसेच्या तसे उतरून घ्यावे. ‘शुद्ध’ करू नये. विशेषतः ‘वली’ हा शब्द सर्वांत जुन्या कागदात आहे, की पुढील नकलांतच येतो, हे आधी पाहावे.