धूर, तुषार आणि धोक्याचा अदमास

मालवण तालुक्यातील कट्टा येथील बाजारपेठेत विडीचे बंडल आजही राजरोस मिळते. परंतु जिच्यात तंबाखू जळतच नाही, त्या ई-सिगारेटची विक्री, आयात आणि जाहिरात सप्टेंबर २०१९च्या वटहुकुमाने व मागाहून झालेल्या कायद्याने देशभर मना आहे. सरकारने मना केलेली वस्तू विडीहून घातक असलीच पाहिजे, असे विडी ओढणाऱ्यास वाटले तर ते स्वाभाविक आहे, शास्त्राला धरून मात्र नाही. धूम्रपानाने होणाऱ्या कर्करोगाचे मूळ मुख्यतः ज्वलनजन्य द्रव्यांत आहे, आणि रक्तातील प्राणवायू हिरावणारा कार्बन मोनॉक्साइडही ज्वलनाचाच; ई-सिगारेटमध्ये निकोटीनयुक्त द्राव नुसता तापून त्याचे तुषार होतात, म्हणून तिचा अपाय पुष्कळ कमी, असे इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेने २०१५ साली जाहीर केले. तथापि तेथेही ती सिगारेटइतकीच घातक मानणारे धूम्रपी पुढे वाढतच गेले. अपाय कमी असला तरी निकोटीनचे व्यसन सुटत नाही, आणि ते कोवळ्या मुलांना जडू नये, ही बंदीमागील चिंता मला रास्त वाटते.

आपल्याकडील खरा गैरसमज निराळाच आहे: धूर नाही म्हणजे अपाय नाही, हा. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपी ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के आढळले; आणि दात स्वच्छ करावयाची म्हणून घरोघरी निःशंक वापरली जाणारी मशेरी तोंडाच्या कर्करोगास कारण होते.