कथा लिहून झाली, आता पाठवणार कधी?

मोबाइलच्या नोट्समध्ये अर्धवट राहिलेली एक कथा, जुन्या वहीत तीन प्रकरणांनंतर थांबलेली कादंबरी आणि ‘जरा मोकळा वेळ मिळाला की पूर्ण करू’ असा स्वतःलाच दिलेला शब्द. लिहिण्याची आवड असलेल्या बहुतेक घरांत एवढा ऐवज सापडतोच. ऑफिस, मेट्रो, मुलांचा अभ्यास, सासूबाईंच्या डॉक्टरच्या तारखा यातून वेळ काढून कोणी एखादी कथा पूर्ण करतंही. पण मग ती तिथेच राहते. छापून येणं हे पुण्या-मुंबईतल्या, ओळखीपाळखी असलेल्या लोकांचं काम, असं आपण मनाशी ठरवून टाकलेलं असतं. त्यात तुम्ही दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्रामला राहून मराठीत लिहीत असाल, तर बघायलाच नको.

खरं तर इथे दोन वेगळी कामं आहेत. लिहिणं हे एक आणि लिहिलेलं वाचकापर्यंत नेणं हे दुसरं. हाताशी आलेला वेळ आपण सगळा पहिल्या कामाला देतो. कथा पुन्हा वाचतो, एक शब्द बदलतो, परत ठेवून देतो. दुसऱ्या कामासाठी काहीच उरत नाही. या दोन्ही कामांना दिवसातले वेगवेगळे तास देणारा एक लेखक दिल्लीतच आहे आणि तो मूळचा आपल्या विदर्भातला आहे.

आयटीओजवळचा चहा

लक्ष्मण राव अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. १९७५ मध्ये वडिलांकडून ४० रुपये घेऊन ते घराबाहेर पडले. तेवढ्यात भोपाळपर्यंतच जाता आलं. तिथे बांधकामावर मजुरी केली, चार पैसे गाठीला बांधले आणि दिल्ली गाठली. दिल्लीतही मजुरी, ढाब्यावर भांडी घासणं, मिळेल ते काम केलं. डोक्यात मात्र गुलशन नंदांच्या कादंबऱ्या होत्या. तसं आपल्यालाही लिहायचं, हे ठरलेलं होतं. दरियागंजला रविवारी फुटपाथवर भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून पुस्तकं आणायची आणि रात्री वाचत बसायचं. पुढे आयटीओजवळ विष्णू दिगंबर मार्गावर, हिंदी भवनाच्या आसपास, त्यांनी आधी पान-विडीचं दुकान आणि मग चहाची टपरी लावली. हा रस्ता पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांच्या नावाचा. एका मराठी गवयाच्या नावाच्या रस्त्यावर एक मराठी माणूस चहा विकत हिंदी कादंबऱ्या लिहीत होता, हे मला फार गमतीचं वाटतं.

लिहिलेलं घेऊन ते प्रकाशकांकडे गेले तेव्हा कोणी दाद दिली नाही. हातावर पोट असलेला माणूस कादंबरी लिहितो, हे समोरच्याला पटतच नव्हतं. शेवटी त्यांनी कमाईतून पैसे बाजूला टाकले आणि १९७९ मध्ये ‘नयी दुनिया की नयी कहानी’ हे पहिलं पुस्तक स्वतःच छापलं. मग ‘रामदास’ आली. गावाकडे नदीत बुडून गेलेल्या एका मुलाच्या आठवणीतून ती सुचली होती. या कादंबरीसाठी त्यांना २००३ मध्ये इंद्रप्रस्थ साहित्य भारतीचा पुरस्कार मिळाला. आज त्यांच्या नावावर वीसहून जास्त पुस्तकं आहेत. टपरी सांभाळत त्यांनी पत्राचाराने बीए केलं, नंतर हिंदीत एमएही केलं.

रावांची गोष्ट सांगताना लोक ‘चहावाला लेखक’ म्हणून कौतुक करतात आणि थांबतात. मला त्यांचा दिनक्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. सकाळी सायकलला पुस्तकांची पिशवी अडकवून ते शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांत जायचे. मुख्याध्यापकांना, ग्रंथपालांना पुस्तक दाखवायचे. कोणी घ्यायचं, कोणी नाही. दुपारनंतर टपरी आणि रात्री लिखाण. म्हणजे दिवसातला एक मोठा तुकडा फक्त पुस्तक पोहोचवण्यासाठी होता. चहा विकून घर चालायचं आणि छपाईचा खर्चही निघायचा. त्यामुळे पुढच्या पुस्तकाचं काय होईल, यासाठी कोणाच्या होकाराची वाट बघावी लागली नाही.

प्रत्येकाने पदरचे पैसे घालून पुस्तक छापावं, असं मी अजिबात म्हणणार नाही. पुस्तक छापणं सोपं असतं, पलंगाखाली पडलेल्या प्रती विकणं अवघड. पण रावांसारखे सकाळचे तास आपल्याकडेही हवेत. निदान आठवड्यातला अर्धा तास तरी.

पाठवणारं दुसरं कोणी

हे काम स्वतःच करायला हवं असंही नाही. गुरुग्राममध्ये बेबी हालदार घरकाम करत होत्या. नवऱ्याचं घर सोडून तीन मुलांना घेऊन त्या रेल्वेने दिल्लीकडे आल्या होत्या. ज्या घरात त्या काम करायच्या, ते प्रबोध कुमार मानववंशशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि प्रेमचंदांचे नातू. कपाटावरची धूळ पुसताना ही बाई पुस्तकांपाशी रेंगाळते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आधी तिला तसलिमा नसरीन यांचं बंगाली पुस्तक वाचायला दिलं, मग एक वही आणि पेन. कामं आटोपल्यावर, मुलं झोपल्यावर बेबी हालदार बंगालीत स्वतःचं आयुष्य लिहीत गेल्या.

पुढचं सगळं प्रबोध कुमारांनी केलं. त्यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला, लेखक मित्रांना मजकूर वाचायला पाठवला. २००२ मध्ये कोलकात्याहून ‘आलो आंधारि’ हिंदीत आलं. २००६ मध्ये उर्वशी बुटालिया यांनी केलेला इंग्रजी अनुवादही निघाला. आज त्याचा भाग एनसीईआरटीच्या अकरावीच्या हिंदी पुस्तकात आहे. ही कादंबरी नाही, आत्मकथन आहे, पण आपल्या कामाची गोष्ट यात आहेच. लिहिणारीला फक्त ‘छान लिहिलंस’ म्हणणारं माणूस नाही, तर ते उचलून पुढे पाठवणारं माणूस मिळालं.

तुमच्या घरातही असं कोणी असू शकतं. नवरा, बहीण, कॉलेजात जाणारा भाचा. मेल पाठवणं, नोंद ठेवणं, महिन्याने आठवण करणं एवढंच काम त्यांच्याकडे द्या. स्वतःची कथा पाठवताना आपला हात थरथरतो, दुसऱ्याची पाठवताना कोणाचाच थरथरत नाही. आणि घरच्यांना कामात घेतलं की ‘मोबाइलवर काय टाइप करत बसतेस’ हा प्रश्नही बंद होतो.

नावाची भीती वाटत असेल तर जयंत नारळीकरांचा किस्सा आठवा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग समजलं की हे जगताप म्हणजे मुंबईच्या टीआयएफआरमधले खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथेची प्रत लिहून घेतली होती. एवढं मोठं नाव असलेल्या माणसाला नाव बाजूला ठेवून कथा तपासून घ्यावीशी वाटली. आपल्याला नावच नाही, म्हणजे लपवायचंही काही नाही!

शिलाई मशीनवरची कादंबरी

मी दिवसभर ऑफिसात शब्दच लिहिते. पंखे, सोफे, सनस्क्रीन यांची वर्णनं. संध्याकाळी सेक्टर १८ हून मेट्रोत बसल्यावर स्वतःची एक ओळही नको वाटते. नोकरीने लिखाण खाल्लं, ही तक्रार माझ्या वयाच्या सगळ्यांची आहे. मग मी तुळजापूरच्या देविदास सौदागरांबद्दल वाचलं. शिंपीकाम करून घर चालवणाऱ्या या लेखकाला ‘उसवण’ या कादंबरीसाठी २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. कादंबरी कशावर, तर रेडीमेड कपड्यांमुळे शिंप्याचा धंदा कसा उसवत जातो यावर. जे काम वेळ खात होतं, त्याच कामाने विषय दिला. आता मेट्रोत मी निदान कान उघडे ठेवते. राजीव चौकला गाडी बदलताना लोक फोनवर काय काय बोलतात, ते कोणत्याही लेखन कार्यशाळेत ऐकायला मिळणार नाही.

रविवारचा अर्धा तास

आता प्रत्यक्ष पाठवण्याचं बोलू. मराठीत नवीन कथाकारासाठी सगळ्यात मोठं दार म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा सुरू आहे आणि आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. एवढ्या सगळ्यांना कथा लागतात. पण अंक दिवाळीत येतो म्हणून कथा दसऱ्याला पाठवून चालत नाही. संपादकांची जुळवाजुळव कितीतरी महिने आधी सुरू होते. जून-जुलैत कथा त्यांच्या हातात पडली तर ती शांतपणे वाचली जाण्याची शक्यता जास्त.

म्हणून मागच्या वर्षीचे पाच-सहा अंक वाचनालयातून किंवा मैत्रिणीकडून आणा. कोणत्या अंकात आपल्यासारखी कथा बसेल ते पाहा. संपादकांचा पत्ता आणि ईमेल अंकातच छापलेला असतो. विनोदी अंकाला करुण कथा पाठवणं म्हणजे संपादकाचा आणि आपला, दोघांचाही वेळ वाया.

कथा युनिकोडमध्ये टाइप करा. फोनचा मराठी कीबोर्ड युनिकोडच देतो, बोलून टाइप करायची सोयही त्यात असते. पोळ्या लाटताना सुचलेला संवाद तसाच बोलून ठेवता येतो, नंतर शुद्धलेखन मात्र बसून तपासावं लागतं. मेलमध्ये चार ओळी पुरतात: कथेचं नाव, शब्दसंख्या, ती स्वतःची आणि अप्रकाशित आहे हे वाक्य आणि फोन नंबर. ‘लहानपणापासून मला लेखनाची आवड आहे’ वगैरे लिहू नका, संपादकांना ते पाठ झालेलं असतं.

एका वहीत कथा कुठे पाठवली, कधी पाठवली, काय उत्तर आलं, एवढं लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांत उत्तर नाही आलं तर एक नम्र विचारणा करा. नकार आला तर त्याच रविवारी कथा पुढच्या ठिकाणी जाऊ दे. एकच कथा एकाच वेळी चार जणांना पाठवली आणि दोघांनी छापली, तर दोघेही पुन्हा दारात उभं करणार नाहीत. कथा आधी फेसबुकवर किंवा प्रतिलिपीसारख्या अ‍ॅपवर टाकली असेल, तर पुष्कळ संपादक ती प्रकाशित झालेली धरतात. तिथे वाचक लगेच मिळतात हे खरं, पण कोणती कथा कुठे द्यायची हे आधी ठरवा.

दिल्लीतून लिहिणाऱ्यांनी पत्त्याची काळजी सोडावी. मेल नोएडाहून गेला काय आणि सदाशिव पेठेतून गेला काय, सारख्याच वेळात पोहोचतो. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीतच तालकटोरा स्टेडियमवर भरलं होतं. दिल्लीत याआधीचं संमेलन १९५४ मध्ये झालं होतं. म्हणजे सात दशकांनी का होईना, मराठी साहित्य आपल्या मेट्रो स्टेशनपर्यंत आलं.

पैसे मागितले तर

काही कथा छापून आल्या की पुस्तकाचे वेध लागतात आणि इथेच धावपळीत जगणारा माणूस सापडतो. वेळ नाही म्हणून ‘सगळं आम्ही करतो, तुम्ही फक्त पॅकेज निवडा’ ही जाहिरात गोड वाटते. पैसे देऊन पुस्तक काढण्यात गैर काही नाही, पण आधी विचारा: प्रती किती छापणार, त्या कोणाच्या ताब्यात राहणार, दुकानांपर्यंत कोण नेणार, विक्रीचा हिशेब कधी मिळणार. उत्तरं तोंडी नकोत, कागदावर हवीत. आयएसबीएन क्रमांकासाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर सावध व्हा. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो मोफत मिळतो.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. अटी आणि मुदत मंडळाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. वय ३५ च्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही लक्षात असू द्या. त्याची रक्कम ५० हजार रुपये आहे.

करारावर सही करताना मात्र घाई नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलेल्या कथेचा हक्क लिहिणाऱ्याचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असं वाक्य दिसलं तर तिथेच बोट ठेवा आणि किती वर्षांसाठी ते विचारा. सिनेमा, मालिका आणि ऑडिओचे हक्क वेगळे लिहून घ्या. कथेला मानधन किती आणि कधी, हेही विचारायला लाजू नका. काही अंक पैसे देतात, काही फक्त अंकाची प्रत पाठवतात आणि हे कथा पाठवण्याआधी माहीत असलेलं बरं.