हप्ता हलका, कर्ज जड

तळेगाव-चाकणच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर किती जणांचं देणं असतं, ते कधी एका कागदावर मांडून पाहावं. बाइकचं कर्ज, मोबाइलचा हप्ता, क्रेडिट कार्ड, पतसंस्थेची उचल, बायकोच्या नावावर गटाचं कर्ज, गहाण ठेवलेलं सोनं आणि मेव्हण्याचे हातउसने. शिवाय भिशी आधीच उचलली असेल, तर तिचे राहिलेले हप्ते हेही कर्जच, फक्त ते कुठल्या कागदावर दिसत नाही. पगार झाला की आठवडाभरात त्याचे तुकडे पडतात. अशा वेळी ‘सगळी कर्जं आमच्याकडे वळवा, एकच हप्ता भरा’ असा फोन आला की माणसाला सुटल्यासारखं वाटतं. ही सोय खरी आहे आणि नीट वापरली तर कामाचीही आहे. मात्र तिच्याबद्दलचे काही समज घराला आणखी खोलात नेतात.

‘हप्ता कमी झाला, म्हणजे कर्ज स्वस्त झालं’

सगळ्यांत महागात पडणारा समज हाच. ३ लाखांचं कर्ज १६ टक्के दराने ३ वर्षांत फेडायचं, तर हप्ता साधारण १०,५५० रुपये बसतो आणि एकूण व्याज सुमारे ८० हजार. तेच ३ लाख १४ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ७ हजारांच्या आत येतो, दरही दोन टक्क्यांनी उतरतो, पण व्याज १ लाख १९ हजारांच्या घरात जातं. घरकर्जावर टॉप-अप घेऊन ९ टक्क्यांनी १५ वर्षांत फेडायचं ठरवलं, तर हप्ता जेमतेम ३,०५० रुपये आणि व्याज जवळपास अडीच लाख. दर सर्वांत कमी, हप्ता सर्वांत कमी आणि व्याज मात्र सर्वांत जास्त. दुकानदार मोबाइल विकताना महिन्याचाच आकडा का सांगतो, ते इथे कळतं.

मुदत वाढवणं म्हणजे गुन्हा नव्हे. हप्ते भरून किराण्याला पैसे उरत नसतील, तर मुदत वाढवावीच लागते. पण मग मधे हातात पैसे आले की मुद्दल भरण्याची मोकळीक हवी. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या, बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येणार नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्थिर दराच्या कर्जाला मात्र हे संरक्षण नाही आणि बहुतेक पर्सनल लोन स्थिर दराचंच असतं. त्यामुळे जुनं कर्ज बंद करण्याचा आकार, नव्याचं प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी हे सगळं धरूनच बेरीज करावी. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत एक विवरणपत्र द्यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते लिहिलेलं असतं. तुलना करायची ती त्या आकड्याची. तोंडी सांगितलेल्या ‘फक्त १२ टक्के’ची नाही. तो १२ टक्के फ्लॅट असेल, म्हणजे मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज मूळ रकमेवरच लावलं जात असेल, तर दोन वर्षांच्या कर्जाला तो घटत्या शिलकीवर साडेएकवीस टक्के पडतो.

‘एकत्र करायची तर सगळीच करावीत’

नाही. जुन्या कर्जाचा दर नव्यापेक्षा जास्त असेल, तेवढंच वळवावं. पवन मावळात इंद्रायणी भात करणाऱ्या घराकडे जिल्हा बँकेचं पीककर्ज असतं. ते ३ लाखांपर्यंत आणि वेळेत फेडलं, तर सरकारी व्याज सवलतीमुळे शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. ते फेडण्यासाठी १४ टक्क्यांचं पर्सनल लोन काढणं म्हणजे फुकटचं पाणी सोडून बाटली विकत घेणं. मूळ घरकर्जालाही हात लावू नये.

वळवण्यात पहिला नंबर क्रेडिट कार्डाचा. ८० हजार थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे असं धरू. एका महिन्याचं व्याज २,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४ रुपये. ‘किमान रक्कम’ म्हणून ४ हजार भरले, तर मुद्दलातून सातशेच्या आसपास कमी होतात. कार्ड चालू आहे, फोन येत नाहीत, म्हणून सगळं ठीक आहे असं घराला वाटत राहतं. हे कर्ज १४-१६ टक्क्यांवर वळवण्यात निःसंशय फायदा आहे. अट एकच, रिकामं झालेलं कार्ड पुन्हा भरायचं नाही. वळवलेल्या कर्जाचा हप्ताही चालू आणि कार्डही पुन्हा भरलेलं, अशी घरं कमी नाहीत.

त्यानंतर सावकार. ‘महिना पाच टक्के’ ऐकायला लहान वाटतं, पण ते वर्षाला ६० टक्के होतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना लागतो आणि शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्ज देताना परवानाधारक सावकाराला वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. हातउसने मात्र बिनव्याजी असतात आणि माणूस लाजेपोटी तेच आधी फेडतो. मेव्हण्याला स्पष्ट सांगून सहा महिने मागून घ्यावेत आणि कार्ड आधी मिटवावं, असं माझं मत आहे. नातं तुटेल अशी भीती असेल, तर तो हिशेब ज्याचा त्याने करावा.

‘पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता चालतो’

हा आकडा हवेतून आलेला नाही. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सूक्ष्मकर्ज देताना सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ पासूनचा नियम आहे. पण ती कर्ज देणाऱ्याला घातलेली वेस आहे. घराला झेपेल तो हप्ता त्याहून बराच खाली असू शकतो.

आणि तो ठरवायचा कुठल्या महिन्यावर? लोणावळ्यात चिक्कीचं दुकान, भाड्याची गाडी किंवा बंगल्याची देखभाल यांवर चालणाऱ्या घराचा जुलै आणि फेब्रुवारी सारखा नसतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारची कमाई बघून घेतलेला हप्ता परीक्षांच्या दिवसांत बाउन्स होतो. शिवाय हंगामही हातचा नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि ऐन पावसाळ्यात प्रशासनाने मावळातल्या पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. निर्बंध गरजेचेच होते, पण बँकेचा हप्ता त्या दिवसांतही कापला गेलाच.

कारखान्यात कायम नोकरी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना जनरल मोटर्स आठवावी. तळेगावच्या त्या कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं, जागा पुढे ह्युंदाईने घेतली आणि कामगारांचा लढा वर्षानुवर्षं चालला. म्हणून ओव्हरटाइम आणि बोनस हप्त्याच्या हिशेबात धरू नयेत. मूळ पगारातून किंवा वर्षातल्या सर्वांत सुक्या महिन्याच्या कमाईतून आधी किराणा, वीज, शाळेची फी, लोकलचा पास, आई-वडिलांची औषधं आणि विम्याचा हप्ता काढावा. उरेल त्यातून थोडं बाजूला पडेल असं बघून मग हप्ता ठरवावा. ओव्हरटाइम आला तर मुद्दलात भरावा.

‘कर्ज फिटेपर्यंत सगळं बंद’ ही शपथही फार टिकत नाही. मुलांची सहल, वर्षातला एकवीरेचा नैवेद्य, महिन्यातून एकदा बाहेरचं जेवण यांवर काट मारलेलं घर तीन-चार महिन्यांत कंटाळतं आणि मग एकदम कार्डावर मोठी खरेदी होते. त्यापेक्षा हजार-दीड हजार रुपये उघड मौजेच्या नावावर टाकावेत. कापायचं असेल तर विमा नक्की नको, कारण पुढचं कर्ज बहुधा दवाखान्यातून येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. आपल्या जवळचं कुठलं रुग्णालय त्यात आहे, ते आजारी पडण्याआधी विचारून ठेवावं.

‘सिबिल पाहिलं की सिबिल पडतं’

स्वतःचा पतअहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. देशात असे अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. गुण पडतात ते एका आठवड्यात पाच ठिकाणी कर्जाचा अर्ज टाकल्यावर. ‘सेटलमेंट करून टाका’ हा सल्लाही जपून ऐकावा. सेटलमेंट आणि कर्ज एकत्र करणं एक नव्हे. सेटलमेंटमध्ये बँक काही रक्कम सोडते, पण अहवालावर तसा शेरा पडतो आणि पुढची कर्जं अवघड होतात.

‘हप्ता चुकला की पोलीस येतात’

निव्वळ हप्ता थकणं हा दिवाणी विषय आहे. मात्र दिलेला धनादेश किंवा खात्यातून हप्ता कापण्याची सूचना पैशांअभावी परत गेली, तर फौजदारी खटला होऊ शकतो, म्हणून हप्ता चुकणार असेल तर बँकेला आधीच लेखी कळवावं. वसुलीवाल्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही.

‘शेवटचा हप्ता गेला, विषय संपला’

प्रत्येक जुन्या कर्जाचा, काही देणं उरलं नसल्याचा निल दाखला घ्यावा, नाहीतर नव्या कर्जाबरोबर जुनंही अहवालात चालू दिसत राहतं. सातबाऱ्यावर बोजा असेल, तर दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज करून तो उतरवून घ्यावा, जामीनदारांनाही सुटल्याचं कळवावं. डिसेंबर २०२३ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी कर्ज फिटल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत करायची आहेत, त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची आहे. पतसंस्थेला हा नियम लागत नाही. ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, त्यामुळे तिच्याविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे न करता निबंधकांच्या कार्यालयात द्यावी लागते.