गावाच्या मालकीचं गोल्फ

गोल्फच्या सहली आखण्याच्या माझ्या व्यवसायात पुण्या-मुंबईहून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर खेळायचंय. तिथले कुणी मेंबर ओळखीचे आहेत का?" आपल्याकडच्या क्लबांमध्ये वाढलेल्या माणसाला हेच सुचणार. पण ओल्ड कोर्स कुठल्याच क्लबच्या मालकीचा नाही. पहिल्या टीच्या मागे दिसणारी ती प्रसिद्ध दगडी इमारत रॉयल अँड एन्शंट क्लबची आहे, समोरची हिरवळ मात्र गावाची. स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात कुठे, कधी आणि कसं खेळायला मिळेल, याची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीत आहेत.

गावाला ही जमीन सहजासहजी राखता आली नाही. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेनं गावकऱ्यांचा या माळावर खेळण्याचा हक्क मान्य झाला, आणि आर्चबिशपना तिथे ससे वाढवायची मुभा मिळाली. पुढे गावाची तिजोरी आटली आणि १७९७ मध्ये माळ सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेला. सशांनी बिळं पोखरली, चिडलेले खेळाडू ससे मारू लागले आणि भांडण कोर्टात पोचलं. १८२१ साली शेजारच्या जेम्स चीप या जमीनदारानं माळ विकत घेतला, तेव्हा कुठे खेळ वाचला. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्यानं जमीन गावाकडे परत आली. १९७४ च्या कायद्यापासून तिचा कारभार एक ट्रस्ट पाहतो. माझ्या गटाला मी हा इतिहास एडिंबराहून येताना बसमध्येच सांगते. तो ऐकला की सोडतीत नाव न आल्याचा राग पुष्कळसा निवतो.

सोडत हे इथलं खरं प्रवेशद्वार. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत नावं द्यायची, गट दोन ते चार जणांचा, हँडिकॅपचा दाखला हाताशी हवा. निकाल त्याच दिवशी संध्याकाळी कळतो. एकट्यानं आलेल्यांसाठी पूर्वी वेगळी रीत होती : पहाटेच्या रांगेत नंबर लागावा म्हणून लोक रात्र रात्र थंडीवाऱ्यात बाहेर बसायचे. २०२४ पासून त्यांच्यासाठीही रोजची सोडत आहे, आणि त्यात नाव द्यायला आदल्या दिवशी स्वतः गावात असावं लागतं. म्हणून माझा आग्रह असतो की एका रात्रीचा मुक्काम करूच नका. चार-पाच रात्री राहा, रोज नाव द्या आणि मधल्या दिवसांत परगणा खेळून घ्या. ट्रस्टकडे एकूण सात कोर्स आहेत. १८९५ सालच्या कोर्सला गाव अजूनही 'न्यू' म्हणतं, आणि माझ्या मते निखळ खेळासाठी तो ओल्डच्या तोडीस तोड आहे. हिवाळ्यात गर्दी कमी असते, पण तेव्हा ओल्डच्या फेअरवेवर चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो. हे आधी ठाऊक असलेलं बरं.

रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद. त्या दिवशी तो गावाचा बगिचा असतो : आजीआजोबा, बाबागाड्या, मोकळे सुटलेले कुत्रे. एकदा आमच्या गटातल्या एका सर्जनसाहेबांचं नाव लागोपाठ सोडतीत आलं नाही आणि त्यांचा चेहरा पडला. रविवारी सकाळी ओळखीच्या एका म्हाताऱ्या कॅडीला विनंती करून मी त्यांना कोर्सवर फिरायला नेलं. कॅडीनं त्यांना मुद्दाम उलट्या दिशेनं चालवलं. हा कोर्स एके काळी आलटून पालटून दोन्ही दिशांनी खेळला जायचा. आज टीवरून जे बंकर अकारण खणल्यासारखे वाटतात, ते उलटं चालत आलं की नेमके वाटेत उभे राहतात. डॉक्टर प्रत्येक खड्ड्याशी थांबून खिशातल्या डायरीत नकाशा काढत होते. मंगळवारी त्यांचं नाव लागलं. संध्याकाळी मी स्कोअर विचारला, तर म्हणाले, "स्कोअर राहू द्या, एकाही बंकरमध्ये गेलो नाही!"

सेंट अँड्र्यूजच्या दक्षिणेला किनारा धरून गेलं की खरा खजिना लागतो. ईलीला पहिल्या टीसमोर टेकडी आहे आणि पलीकडचं काही दिसत नाही. त्यासाठी स्टार्टरच्या खोलीत 'एक्सकॅलिबर' या ब्रिटिश पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय. स्टार्टर त्यातून पलीकडे पाहतो, पुढचा गट लांब गेल्याची खात्री करतो आणि मगच हात करतो. हसून विनंती केली तर तो पाहुण्यांनाही डोळा लावू देतो, आणि नौदलातून निवृत्त झालेल्या आमच्या एका काकांना तिथून हलवताना मागच्या गटाची माफी मागावी लागली होती. या कोर्सवर सोळा पार-चार, दोन पार-तीन आणि पार-पाच एकही नाही. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकणारे जेम्स ब्रेड इथलेच, शेजारच्या अर्ल्सफेरीचे.

लंडिन आणि लेव्हन हे आज शेजारी शेजारी दोन कोर्स आहेत, पण १९०९ पर्यंत ते एकच होते. गर्दी मावेना म्हणून मधल्या दगडी बांधावर वाटणी झाली आणि दोघांनी आत जमीन घेऊन आपापले अठरा होल पुरे केले. वाटणी होऊनही दोघं नांदले, याचं मला फार अप्रूप आहे. लेव्हनला जून २०२४ पासून पुन्हा रेल्वे येते, त्यामुळे गाडी भाड्यानं घेण्याचा खर्चही वाचतो.

किंग्जबार्न्सचा किस्सा मी खेळून झाल्यावरच सांगते. तिथल्या वाळूच्या टेकड्या बघून सगळे म्हणतात, निसर्गानं काय घडवलंय! प्रत्यक्षात २००० साली उघडलेल्या या कोर्ससाठी रचनाकार काइल फिलिप्स यांनी शेतजमिनीला यंत्रांनी हा आकार दिला. माणसानं इतकं मन लावून केलेलं काम निसर्गाच्या नावावर जावं, यापेक्षा मोठी पावती कुठली?

राहता राहिले न खेळणारे. आमच्या गटांत कुणाची तरी आई, सासू किंवा शाळकरी मुलगी असतेच. ओल्ड कोर्सला लागूनच 'हिमालयाज' नावाचं पटिंगचं उंचसखल मैदान आहे. १८६७ मध्ये बायकांनी आपला पटिंग क्लब काढला, कारण खांद्याच्या वर काठी नेऊन चेंडू मारणं तेव्हा स्त्रियांना शोभत नाही असं मानत. आज क्लबच्या वेळा सोडून तिथे कुणीही थोडक्या पैशांत खेळू शकतं. साडीवर स्वेटर घातलेल्या एका मावशींनी तिथे आपल्या जावयाला सरळ हरवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या त्याच्याकडून पटर धरण्याचे बारकावे शिकून घेत होत्या. तेव्हापासून प्रत्येक सहलीत हिमालयाज मी पहिल्याच संध्याकाळी ठेवते.