खेळयंत्राचे वर्ष : यादी लांब की भक्कम?



टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याच्या यंत्राला मुले कन्सोल म्हणतात. ते घेताना वडील किंमत विचारतात आणि मुलगा रंग विचारतो. या यंत्रावर वर्षभरात खेळण्याजोगे काय निघणार, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. यंत्र म्हणजे नुसता तवा. पीठ दरवर्षी कंपनीकडून यायचे असते. ते आले नाही तर तवा कितीही चकचकीत असला तरी पोट भरत नाही.

हा विचार मला लंडनच्या स्टॅनमोर भागात सुचला. ज्युबिली रेल्वेचे हे उत्तरेकडचे शेवटचे स्टेशन. माझी धाकटी बहीण तेथे परिचारिका आहे. निन्टेन्डो कंपनीचे 'स्विच' हे जुने यंत्र तिच्या घरी आहेच. ५ जून २०२५ रोजी 'स्विच २' बाजारात आले आणि पहिल्या चार दिवसांत जगभर ३५ लाखांहून अधिक यंत्रे खपली. माझ्या बारा वर्षांच्या भाच्यालाही ते हवे होते. ताईची अडचण अशी की डिसेंबरात मॉरिशसला येऊन आजीला भेटायचे, तर विमानभाड्यासाठी पैसा राखून ठेवायला हवा.

भाच्याने माझ्यापुढे वीस खेळांची यादी ठेवली. "मामा, एवढे खेळ आहेत, मग यंत्र घ्यायला काय हरकत?" मी शिक्षक माणूस. त्याला म्हटले, "आण पट्टी, तीन रकाने पाड." पहिल्या रकान्यात फक्त नव्या यंत्रावरच चालणारे खेळ, दुसऱ्यात जुन्या यंत्रावरही चालणारे आणि तिसऱ्यात पूर्वीच निघालेले, आता नव्या यंत्रासाठी पुन्हा आणलेले.

तिसरा रकाना भराभर भरला. त्यात 'सायबरपंक २०७७' होता. तो मुळात २०२० साली निघालेला, शिवाय प्रौढांसाठीचा, म्हणून भाच्याच्या कामाचाच नाही. दुसऱ्या रकान्यात ऑक्टोबरचा 'पोकेमॉन लेजंड्स झेड-ए' आणि डिसेंबरचा 'मेट्रॉइड प्राइम ४' गेला. नव्या यंत्रावर हे दोन्ही अधिक सुबक दिसतात, पण जुन्यावरही खेळता येतात. पहिल्या रकान्यात कंपनीचे ठळक खेळ चारच उरले : जूनमध्ये 'मारिओ कार्ट वर्ल्ड', जुलैत 'डाँकी काँग बनान्झा' आणि नोव्हेंबरात 'हायरूल वॉरियर्स'चा नवा भाग व 'कर्बी एअर रायडर्स'. ऑगस्टमध्ये एक छोटा खेळ आला, पण जुलैनंतरचा पुढचा ठळक खेळ यायला नोव्हेंबर उजाडला.

मग बेरीज केली. 'मारिओ कार्ट'सह यंत्राची किंमत ब्रिटनमध्ये ४२९.९९ पौंड आणि 'डाँकी काँग' दुकानात ६६.९९ पौंड. दोन खेळांसाठी ४९६.९८ पौंड, म्हणजे आपले सुमारे तीस हजार रुपये!

यादी लहान म्हणून ती वाईट, असे मात्र नाही. 'निन्टेन्डो ६४' हे यंत्र जून १९९६ मध्ये जपानात निघाले, तेव्हा त्याच्यासोबत तीनच खेळ होते आणि त्यांतला एक जपानी बुद्धिबळाचा. परंतु 'सुपर मारिओ ६४' हा एकच खेळ एवढा सकस होता की घराघरांत तो महिनोन्महिने पुरला. उलट नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या 'वी यू' या यंत्रासाठी २०१३ च्या पहिल्या सहामाहीत मोठे खेळ फारसे आले नाहीत. ते यंत्र जन्मभरात सुमारे १ कोटी ३५ लाख खपले. त्याच्यामागून आलेल्या 'स्विच'ला पहिल्याच वर्षी, २०१७ साली, 'झेल्डा' आणि 'मारिओ'चे मोठे खेळ मिळाले व त्याचा खप पुढे १५ कोटींवर गेला. खपाला इतरही कारणे असतात, परंतु पीठ वेळेवर आले की नाही, हे त्यांतले मोठे कारण.

कंपन्यांनाही वर्षाची यादी जपावी लागते. याचा एक दाखला स्टॅनमोरच्या शेजारीच सापडतो. जेझ सॅन या तरुणाने १९८२ साली सुरू केलेल्या 'आर्गोनॉट' कंपनीची कचेरी पुढे एजवेअरमध्ये होती. या मंडळींनी निन्टेन्डोसाठी खास चिप बनविली आणि तिच्या बळावर १९९३ साली 'स्टार फॉक्स' निघाला. ब्रिटनमध्ये तो 'स्टारविंग' नावाने विकला गेला. दुसरा भाग १९९५ साली जवळजवळ तयार होता, पण निन्टेन्डोने तो बाजारात आणलाच नाही. प्रतिस्पर्ध्यांची नवी यंत्रे आली होती, स्वतःचे नवे यंत्र येऊ घातले होते, त्यांच्यापुढे हा खेळ फिका दिसेल अशी भीती होती. अखेर २०१७ साली तो लोकांच्या हाती पडला. बावीस वर्षे मेहनत कपाटात पडून राहिली! कोणता खेळ कोणत्या वर्षी यावा, हे कंपनी आपल्या हिशोबाने ठरविते. मग आपणही आपल्या हिशोबाने का ठरवू नये?

माझा निवाडा असा. ज्यांच्या घरी कोणतेच यंत्र नव्हते, त्यांना २०२५ ची यादी पुरेशी होती, कारण जुन्या 'स्विच'चे बहुतेक खेळही नव्या यंत्रावर चालतात. ज्यांच्याकडे जुने यंत्र चालू स्थितीत होते, त्यांच्यासाठी ती घाई करण्याइतकी भक्कम नव्हती. भाच्याने रकाने पुन्हा पुन्हा पाहिले, तोंड जरा पाडले, आणि मग 'पोकेमॉन' जुन्याच यंत्रावर खेळेन असे आपण होऊन सांगितले. विमानभाडे शाबूत राहिले.

आपल्याकडेही सुटीत लंडनचे नातेवाईक येतात आणि मुले त्यांना आधीच निरोप धाडतात. पालकहो, मुलावर रागावू नका. त्याच्या हाती पट्टी आणि पेन्सिल द्या, तीन रकाने पाडू द्या. पहिल्या रकान्यात त्याला खरोखर आवडतील असे तीन-चार खेळ उरले, तर आनंदाने यंत्र मागवा. एखादाच उरला, तर पुढच्या वर्षाची यादी येईपर्यंत थांबा. तोवर खेळ वाढलेले असतील, आणि मुलाला रकाने पाडणेही येत असेल.