माप जुळले, पण रबर जुळले का?

नळ गळू लागला की आपण आतील झिजलेला वॉशर काढतो आणि त्याच मापाचा नवा बसवितो. काम झाले! पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मोटारगाडी पुन्हा चालती करणाऱ्या कारागिराला मात्र एवढ्यावर भागत नाही. ज्या भागाचे उत्पादन केव्हाच थांबले, त्याचे वॉशर आणि सील त्याला बनवून घ्यावे लागतात. तेव्हा मापाइतकाच दुसरा एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो : ते कशाचे बनवायचे?

सोपे उदाहरण आधी घेऊ. तेलाच्या नळ्यांच्या जोडांत तांब्याचे वॉशर असतात. बोल्ट आवळला की मऊ तांबे दबते आणि धातूच्या पृष्ठभागावरील बारीक खाचा भरून काढते. पण दबलेले तांबे कठीण होते. तो वॉशर पुन्हा बसविला तर जोड गळू शकतो. मग तो लाल होईपर्यंत तापवतात व थंड करतात. उष्णतेमुळे धातूतील विस्कटलेल्या स्फटिकांच्या जागी नवे स्फटिक तयार होतात आणि तांबे पुन्हा मऊ होते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर भांडे ठोकताना ते मधूनमधून तापवतात, त्याचे कारण हेच.

रबराची गोष्ट अधिक अवघड आहे. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने १९५५ साली ‘डीएस’ नावाची गाडी बाजारात आणली. तिचे ब्रेक आणि चाकांवरील आधार सुमारे दीडशे वातावरणांइतका दाब असलेल्या द्रवावर चालत. हा दाब रोखून धरण्याचे काम रबरी सीलकडे होते. आरंभीच्या काळात वापरला जाणारा लाल रंगाचा कृत्रिम द्रव हवेतील ओलावा शोषून घेई. त्यामुळे आतील पोलादी भाग गंजत. म्हणून १९६६ साली कंपनीने युरोपातील गाड्यांसाठी हिरव्या रंगाचे खनिज तेल आणले. पण त्यासाठी सीलही वेगळ्या रबराचे करावे लागले. गोंधळ होऊ नये म्हणून नव्या पद्धतीचे भाग हिरवे रंगविले गेले.

येथेच खरा धोका आहे. दोन सील एकाच मापाचे, एकाच आकाराचे. हातात घेतले तर फरक कळणार नाही. पण जुना सील हिरव्या तेलात पडला, तर तो फुगतो, मऊ पडतो आणि शेवटी ब्रेक दगा देतात. उलट अदलाबदलही चालत नाही.

असे का होते? नैसर्गिक रबर आणि खनिज तेल या दोहोंचे रेणू मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांचे असतात. सजातीय द्रव्ये एकमेकांत सहज मिसळतात. तेलाचे रेणू रबराच्या लांबलचक साखळ्यांमध्ये शिरतात आणि त्यांना दूर सारतात. नायट्राइल रबरात नायट्रोजनयुक्त गट असल्याने खनिज तेल त्यात फारसे शिरत नाही.

हे तुम्हीही पाहू शकाल. एकसारखी दोन रबरबँड घ्या आणि त्यांची लांबी मोजा. एक एरंडेलात व दुसरे रॉकेलमध्ये बुडवून बरण्यांची झाकणे लावा. हा प्रयोग विस्तवापासून दूर आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. दुसऱ्या दिवशी दोन्ही पुन्हा मोजा. रॉकेलमधील रबरबँड चांगलेच फुगलेले आढळेल. ताणून पाहा, ते सहज तुटेल. एरंडेलातील रबरबँडमध्ये फारसा बदल दिसणार नाही.

म्हणून जुना सील नव्याने बनवताना कारागीर प्रथम गाडीत कोणता द्रव आहे ते पाहतो, मग रबर निवडतो. गंधक मिसळलेले कच्चे रबर साच्यात दाबून तापवले की त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. यालाच व्हल्कनीकरण म्हणतात. थंड होताना रबर आकसते, म्हणून साचा किंचित मोठा ठेवतात. स्थिर जोडाचा साधा वॉशर घरी कापता येईल. ब्रेकचा सील मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावा.

पुढच्या वेळी नळाचा वॉशर बदलाल, तेव्हा माप तर पाहाच; पण त्याला कोणाच्या सहवासात राहायचे आहे, हेही विचारा.